शेवटचे चार मीटर

१

फोल्कर्टला मी पुढे शिव्या घालणारच आहे. पण आधी त्या रविवारचं सांगते, कारण सगळं त्या रविवारच्या अंड्यांपासून सुरू झालं.

माझा रविवार ठरलेला. अंडी उकडत ठेवायची, कॉफी गाळायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि फोल्कर्टने आठवडाभरात काय उद्योग करून ठेवलेत ते बघायचं. आम्ही दोघं मिळून एक अ‍ॅप चालवतो. चालवत होतो. त्याचं नाव श्पेख्ट, म्हणजे जर्मनमध्ये सुतारपक्षी. रानात, पुलाखाली, बाकाच्या पाठीमागे कुणीतरी एक डबी लपवून ठेवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. मग आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं चिखल तुडवत ती शोधायला जातात. सापडली की उघडायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तशी परत ठेवून द्यायची. मिळत काही नाही. पण आमच्या हार्त्सच्या डोंगरात या नादाला लागलेली इतकी माणसं आहेत की एखादं पोकळ झाड रिकामं सापडलं तर नवल वाटतं.

श्पेख्टची गंमत अशी की ते ऐकू येतं. डबी जवळ आली की मोबाईलमधून सुतारपक्ष्यासारखे ठोके पडतात. हे मी माझ्या भावासाठी केलं होतं. योस्ट टपालाची गाडी चालवायचा. चाळिशीत त्याचे डोळे गेले, आणि गेले ते पूर्ण गेले. पण डब्यांचं वेड काही जाईना. मग मी पाव कापायच्या फळीवर लाकडी चमचा आपटून एक ठोका रेकॉर्ड केला, त्याभोवती कोड लिहिला आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिला. फोल्कर्ट ब्रेमेनला असतो. त्याने तो कोड पाहिला, चार चुका दाखवल्या आणि चिकटला तो कायमचा.

आमच्यात नियम एकच. आपण लिहिलेलं आपणच पुढे पाठवायचं नाही. दुसऱ्याने ते ओळ न् ओळ वाचायचं, होकार द्यायचा, तेव्हाच ते लोकांच्या मोबाईलमध्ये जायचं. होकार द्यायच्या किल्ल्या दोघांकडेच, त्याच्याकडे आणि माझ्याकडे.

आता खरं सांगू? मी त्याचं वाचत नसे. आईच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता आणि दुसऱ्या हाताने योस्टला धरून चालवलं होतं. अशा माणसाच्या ओळी तपासायच्या म्हणजे घरच्या माणसाच्या ताटातल्या पोळ्या मोजण्यासारखं वाटायचं मला. तो मात्र माझं सगळं वाचायचा. गेली दोन वर्षं तर फारच बारकाईने. मला वाटायचं, काय हा जीव लावतो कामाला!

त्या रविवारी त्याने शेकड्यांनी ओळी पाठवल्या होत्या. चित्रं इकडची तिकडे हलवलीत, एवढंच वर लिहिलं होतं. अंडी उकडायच्या आत मी होकार देऊन मोकळी झाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून योस्ट ओरडला, "बाईसाहेब, सुतारपक्षी बंद करा की! सकाळी सकाळी घरात कसली डबी शोधताय?"

"माझा मोबाईल बंद आहे."

"मग काय माझ्या कानात घरटं केलंय त्याने?"

मी गॅस बंद केला आणि कान दिला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

२

मी घाबरणाऱ्यातली नाही. गणित शिकवून पोट भरते. आवाज आला की त्याला कारण असतं, आणि कारणं माझ्याकडे भरपूर होती. आमच्या घराला बाहेरून थंडीसाठी जाड अस्तर लावलंय, आणि खरेखुरे सुतारपक्षी त्यात चोची मारून भोकं पाडतात. सगळ्या गल्लीची तक्रार आहे ती. शिवाय घर तापवायचे नळ जुने, गरम होताना टकटकतात. योस्टच्या मोबाईलचं म्हणाल तर तो उशीखाली बंद पडलेला होता.

सोमवारी मी बाहेर जाऊन भिंत पाहून आले. भोक नव्हतं. मंगळवारी नळ थंड असतानाही ठोका आला. बुधवारी मला तो नीट ऐकू आला आणि मी हातातली बशी खाली ठेवली.

ठोक्यामागे किणकिण होती. अगदी हलकी. कप बशीत टेकवल्याची.

मी रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी आई मागे बसून कॉफी पीत होती. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चमच्याच्या ठोक्यामागोमाग तिचा कप वाजतो. लोकांना ऐकू येतो तो ठोका फोल्कर्टने साफसूफ केलेला आहे, त्यात किणकिण नाही. मूळचं रेकॉर्डिंग जगात दोनच ठिकाणी होतं. एक माझ्या कपाटातल्या जुन्या डिस्कवर, जी मी आई गेल्यापासून उघडलेली नाही, कारण माझ्याच्याने ऐकवत नाही. दुसरं फोल्कर्टकडे.

"ऐकलंस?" योस्ट दारात उभा होता. भिंतीला हात लावून. "आई आहे त्यात."

"नळ आहेत, योस्ट."

"नळ कॉफी पितात का?"

मी त्याला गप्प बस म्हटलं. उगाच चिडले त्याच्यावर. तो नुसता हसला आणि म्हणाला, "चिडलीस म्हणजे तुलाही ऐकू आलंय."

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ठोके रविवारपेक्षा जलद पडत होते.

३

जलद पडण्याचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळणार? तो हिशेब मीच लिहिलाय. डबी लांब असली की ठोका आळसावतो, जवळ गेलं की त्याला घाई सुटते. आणि शेवटच्या चार मीटरांत आवाज एकदम बंद. उपग्रहाला त्याहून बारीक काही सांगताच येत नाही. तिथून पुढे मोबाईल खिशात टाकायचा आणि हातांनी चाचपायचं. बाकाखाली, फळीमागे, मुळांच्या बेचक्यात. सगळे तेच करतात.

शनिवारी मी योस्टला गाडीत घातलं आणि वर धरणाकडे नेलं. हवा पालट, असं त्याला सांगितलं. मला घरातून निघायचं होतं. गावाबाहेर पडल्यावर ठोके विरळ झाले, मग ऐकूच येईनात. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बर्फ ताजा होता, पार्किंगमध्ये आमच्याशिवाय कुणी नाही. आम्ही लाकडी टेबलापाशी बसलो, थर्मास उघडला, मी बेकरीतून आणलेला केक कापला. योस्टने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा, माझा, तोही पळवला.

"मला दिसत नाही म्हणून तू मोठा तुकडा स्वतःला घेतेस, ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"तुला दिसत नाही म्हणून तुझे ओठ पुसायलाही मलाच लागतं."

आम्ही हसत होतो. तेव्हाच ते आलं. टक्. लगेच पुन्हा टक्. घरी होतं त्याहून जलद.

"आला की हा इथेही!" योस्ट खूश होऊन म्हणाला. "कुठली टोळी शोधतेय बघ ना. ओळखीचे असतील."

मी बघितलं. धरणाच्या कडेने बाकांची रांग आहे. सगळ्यात लांबच्या बाकावरचा बर्फ कुणीतरी झटकून काढलेला होता. आम्ही आलो तेव्हा तो तसा नव्हता. मी गाडी लावताना सगळे बाक सारखे पांढरे होते. मी बघत असतानाच अलीकडच्या बाकावर बर्फात पाच बोटं उमटली. फिरली. कडेवरून खाली गेली, बाकाच्या खालच्या बाजूला. खालून बर्फाचे कण गळले. मग त्याच्या अलीकडचा बाक. मध्ये जमिनीवर एकही पाऊल नव्हतं.

"काय करतायत?" योस्टने विचारलं.

"बाकाखाली बघतायत," मी म्हटलं. माझा आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला मला.

"नवखे दिसतात. आधी बाकाखाली नवखेच बघतात." मग तो थबकला. त्याने आवाजाकडे तोंड वळवलं, कपाळाला आठी घातली. "पण विबके, इथे वर डबी नाही. ती तर पुराच्या वर्षी काढली. ही माणसं आपल्याकडेच का येतायत? आपल्याजवळ कुठली डबी आहे?"

मी त्याला काखेत धरून गाडीकडे ओढलं. थर्मास तिथेच राहिला.

४

आपल्याजवळ कुठली डबी आहे? घाटातून खाली येताना तोच प्रश्न डोक्यात. आणि त्या प्रश्नामागे आईचा कप, आणि कपामागे फोल्कर्ट.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि जे रविवारी करायला हवं होतं ते केलं. वाचलं. चित्रं इकडची तिकडे, चित्रं इकडची तिकडे, पानंच्या पानं तेच. आणि त्यांच्या मध्ये, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, एक डबी. तिला नाव नाही. अक्षांश-रेखांशाच्या जागी आकडे नाहीत. तिथे लिहिलेलं, मालक असेल तिथे. खाली मालकाचं नाव: दोन घुबडं.

दोन घुबडं म्हणजे आम्ही. मी आणि योस्ट. या खेळात घरची माणसं मिळून एकच नाव घेतात, तसं आम्ही फार पूर्वी घेतलं होतं.

आमच्यात दत्तक द्यायची पद्धत आहे. एखाद्याला आपली डबी सांभाळणं जमेनासं झालं, गुडघे दुखायला लागले, गाव सोडलं, की तो ती दुसऱ्याच्या नावावर करतो. मात्र घेणाऱ्याने हो म्हणावं लागतं. न विचारता कुणाच्या गळ्यात डबी मारायची नाही.

मी हो म्हटलं होतं. अंडी उकडता उकडता.

फोन लावला. हॅलो म्हणायच्या आत तिकडून त्याने विचारलं, "किती जवळ आलंय?"

"म्हणजे तुला ठाऊक आहे."

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"अरे बोल ना, मेल्या! आता का दातखीळ बसली?"

"दोन वर्षं होती माझ्याकडे," तो म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "चार घरं बदलली मी. तू म्हणायचीस ना, फोल्कर्ट, एका जागी बूड टेकत नाही तुझं. नवीन घरात काही दिवस बरे जातात. मग लांबून ठोका यायला लागतो. मग ते हात फिरवत येतं."

"तुला कुणी दिली?"

"ते विचारू नकोस. दुसऱ्या एका अ‍ॅपवर माझ्याबरोबर होता, त्याचंही मी वाचलं नव्हतं. म्हणून तर तेव्हापासून सगळ्यांचं वाचतो."

म्हणजे माझंही. दोन वर्षं माझ्या ओळीन् ओळीवरून नजर फिरवली ती कामावरच्या मायेपोटी नव्हे, मीही त्याच्या गळ्यात काही मारेन या भीतीने. आणि मी येडी त्याला दर नाताळात घरचा केक पाठवत होते.

"काढून टाक ती ओळ."

"काढून बघितलीय. सकाळी परत असते. मालकाचं नाव तेवढं बदलता येतं, तेही समोरच्याने होकार दिला तर."

"मग तुझं नाव घालते परत."

"मी होकार देणार नाही, विबके." हे मात्र त्याने अगदी स्पष्ट, न चाचरता सांगितलं.

"एवढ्या दुनियेत तुला मीच सापडले?"

"बाकी कुणीही वाचलं असतं," तो म्हणाला. "न वाचणारी तू एकटीच होतीस."

थोबाडीत मारल्यासारखं झालं मला. माझा विश्वास म्हणजे त्याला उघडं राहिलेलं मागचं दार वाटलं होतं.

"सापडल्यावर काय होतं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "डबी सापडली की लोक काय करतात?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्यातलं शेंबडं पोरही देईल. उघडतात.

५

त्या दिवसापासून मी घराबाहेर पडले नाही. शाळेत ताप आल्याचं कळवलं. योस्टला म्हटलं, माझं डोकं दुखतंय, तू तुझ्या खोलीत रेडिओ ऐकत बस. त्याने ऐकलं, पण विनोद करणं थांबवलं होतं त्याने, आणि योस्टने विनोद थांबवले म्हणजे त्यालाही काहीतरी कळलेलं असतं.

मला काय व्हायचं ते होवो. खरंच सांगते, स्वतःची तेवढी भीती नव्हती. मला निदान दिसलं असतं. योस्टच्या अंधारात ते कुठल्या बाजूने येतंय हेही त्याला कळणार नव्हतं. त्याने डबीला हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. माझ्याबरोबर एका नावात बांधलेला, एवढाच त्याचा गुन्हा.

मंगळवारी दुपारी चारलाच अंधारून आलं. ठोके जिन्यात होते. मी दाराआतल्या बोळातला दिवा लावला. दाराखालचं पायपुसणं उलटलेलं होतं. खुंटीवरच्या कोटांचे खिसे बाहेर काढलेले, एकेक करून, जिभांसारखे लोंबत होते. पहिला आईचा जुना कोट, जो मी अजून कुणाला दिला नाही, मग माझा. मी बघत असताना योस्टच्या कोटाचा खिसा आतून फुगला, हळूच बाहेर आला आणि लोंबला.

मी मागे सरले, स्वयंपाकघरात शिरले, फोल्कर्टला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून लिहायला बसले.

"मी फक्त योस्टला सोडवतेय," मी म्हटलं. "दोन घुबडं काढते आणि माझं एकटीचं नाव घालते. तुला काही धोका नाही. होकार देशील ना?"

तिकडे तो रडत होता. रडणं खोटं नव्हतं, हे मी अजूनही मान्य करते. "पाठव," तो म्हणाला. "मी बसलोय इथे. एवढं तरी करू दे मला तुझ्यासाठी."

"उपकार नकोत तुझे. होकार दे."

"देतो गं. पाठव."

तीन ओळींचं काम. तीनदा चुकले. ठोके आता दारातून येत होते, इतके घाईचे की मधली किणकिण एकमेकींत मिसळून गेली होती. कपबशांचा अख्खा ट्रे कुणीतरी हलवत असावं तशी. मी पाठवलं.

"एक कंस सुटला होता," फोनमधून तो म्हणाला. "तो लावलाय. बाकी बरोबर आहे. दिला होकार. सोडायचं बटण दाब तू आता. दाब, विबके!"

मी दाबलं.

आवाज बंद झाला.

रेडिओसुद्धा ऐकू येईना क्षणभर, इतकी शांतता. चार मीटर. मी लॅपटॉप बाजूला सारला, दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि डोळे मिटले. मनात म्हटलं, ये बाई, किंवा बाबा, जे कोण असशील ते, मी इथे आहे. मानेच्या मागे गार वाटलं, पण ते खिडकीचं होतं. फ्रिजची घरघर सुरू झाली. मी थांबले. मांडीवर काही टेकलं नाही, खांद्यावर काही टेकलं नाही. पुन्हा थांबले.

मग आतून, योस्टच्या खोलीतून, हसू ऐकू आलं. गुदगुल्या झाल्यावर माणूस हसतो ना, तसं.

मी डोळे उघडले आणि लॅपटॉप पुढे ओढला. फोल्कर्टने एक कंस लावला होता. आणि माझ्या नावाच्या जागी योस्टचं नाव घातलं होतं. तीन ओळींत मला ते दिसलं नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं. तो रडत होता ना. रडणाऱ्या माणसाचं कोण तपासतं?

खाली त्याने लिहिलं होतं: "रागावू नकोस. तुला जाऊ देणं मला जमलं नसतं. त्याला दिसत नाही, त्याला फार कळणार नाही."

मी फोन उचलला. तो कधीच कट झालेला होता. पुन्हा लावला; बंद. पुन्हा. बंद. नाव बदलायला होकार लागतो, होकाराची दुसरी किल्ली त्याच्याकडे, आणि त्याने ती घेऊन दार लावून घेतलं होतं. असा संताप आला, असा, की तो समोर असता तर मी त्याच पाव कापायच्या फळीवर त्याचं डोकं आपटलं असतं. भीतीला जागाच उरली नाही अंगात.

६

योस्टच्या खोलीचं दार उघडं होतं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, अंगात माझ्याच हातचा लोकरीचा स्वेटर. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. खोलीत आणखी कुणी नव्हतं.

स्वेटर दबत होता. आधी खिशापाशी. लोकर आत जायची आणि सावकाश वर यायची. मग बरगड्यांवरून, मग काखेखालून. कुठेही घाई नव्हती. सराईत झालं होतं ते. बाकाखाली बघायचा काळ गेला होता. कडा शोधत होतं. आपण झाकण कुठून सुटतं ते नखाने बघतो, तसं.

"अगं, काय लावलंयस?" योस्ट म्हणाला. हसणं ओसरलं होतं, पण चेहऱ्यावर अजून होतं थोडं. "सांगितलं असतंस तर मीच काढून दिलं असतं, काय हवंय ते. हात किती गार आहेत तुझे!"

मी दारातच होते. पुढे धावून त्या हातांना धरायचं, हे मनात आलं नाही असं नाही. धरायला काही नव्हतं. मी हवेत हात मारला असता आणि त्याला कळलं असतं.

स्वेटरची गळपट्टी दबली. योस्टचा चेहरा बदलला. आवाज ऐकताना तो मान कलती करतो, तशी त्याने केली, आणि हळू विचारलं, "विबके? तूच आहेस ना?"

दारातून उत्तर दिलं असतं तर आवाज कुठून आला हे त्याला लगेच समजलं असतं. आंधळ्या माणसाला कुणी कानाने फसवू शकत नाही. म्हणून मी पायमोज्यांवर, पाऊल न वाजवता, त्याच्या खुर्चीपर्यंत गेले. त्याच्या कानाशी वाकले. त्याच्या गालावर गार हवा लागत होती, ती मलाही लागली.

"हो रे," मी म्हटलं. "मीच आहे."

"मग ठीक," तो म्हणाला. खांदे सैल सोडले, आणि हातांना सोपं जावं म्हणून हनुवटी वर केली.